इनामदार आणि सीताफळाची बी

आमच्या संस्थेत जे जे यंत्र खरोखर चाललं, ते इनामदारांनी चालवलेलं होतं. जे नुसतं कागदावर चाललं, ते मी चालवलेलं होतं. हे आज कबूल करायला मला काहीच वाटत नाही, कारण दोघंही निवृत्त झालो आणि कागद केव्हाच रद्दीत गेले.

पुण्यातल्या एका शेतकी संशोधन संस्थेत मी ‘तंत्रज्ञान हस्तांतरण अधिकारी’ होतो. हे पद इतकं लांबलचक होतं की घरी कुणी विचारलं तर आई नुसतं ‘शेतकी खात्यात आहे’ म्हणायची. काम असं की संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी लावलेले शोध बाहेरच्या उद्योजकांना परवाना देऊन विकायचे. लसणाच्या पाकळ्या सुट्या करणारं यंत्र, डाळिंबाचे दाणे काढणारं यंत्र, मुळं कुजू नयेत म्हणून मातीत मिसळायची पावडर, असे बरेच शोध होते. त्या सगळ्यांची मी एक पुस्तिका काढली होती. तिचं नाव ‘परवान्यासाठी उपलब्ध संशोधने’. मुखपृष्ठावर उगवता सूर्य होता. तो माझ्याच आग्रहावरून.

नोकरीला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात मी टाय लावून वर्कशॉपमध्ये गेलो. वर्कशॉप संस्थेच्या मागच्या अंगाला, पत्र्याच्या छपराखाली होतं. एका यंत्राखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले. मी त्या पायांना उद्देशून म्हणालो, “मी लेले. नवीन अधिकारी. या यंत्राचं मूलभूत तत्त्व समजून घ्यायचं होतं. हे नेमकं कशावर चालतं?”

यंत्राखालून आवाज आला, “विजेवर.”

तेच इनामदार. हुद्दा मेकॅनिक, काम मात्र सगळंच. शास्त्रज्ञ कागदावर चित्र काढून आणायचे, इनामदार ते बराच वेळ बघायचे, आणि मग विचारायचे, “हे करायचं आहे, की हे दाखवायचं आहे?” दाखवायचं असेल तर दोन दिवसांत रंगवून द्यायचे. करायचं असेल तर सहा महिने लावायचे.

शिडशिडीत अंगकाठी, पांढऱ्या मिशा, आणि वर्षाचे बाराही महिने पूर्ण बाह्यांचा शर्ट. बाह्या त्यांनी कधी वर सरकवल्या नाहीत आणि त्यांना ग्रीसचा डाग लागलेला मी कधी पाहिला नाही. मला मात्र वर्कशॉपच्या दारात उभं राहिलो तरी डाग लागायचा. जेवणाच्या सुट्टीत ते डबा उघडायच्या आधी त्या दिवशी यंत्रात गेलेलं फळ खायचे. डाळिंबाचं यंत्र असेल तर डाळिंब, चिकूचं असेल तर चिकू. एकदा मी विचारलं, “कंटाळा येत नाही का?” ते म्हणाले, “ज्याला कापायचं त्याची चव माहीत नको?”

वर्कशॉपच्या एका भिंतीवर त्यांनी फळी ठोकली होती. तिच्यावर मोडलेले सुटे भाग ओळीने मांडलेले असत आणि प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली असे. चिठ्ठीवर मोडणाऱ्याचं नाव आणि कारण. ‘संचालक. घाई.’ ‘डॉ. बर्वे. पाहुण्यांना दाखवताना.’ ‘मी. ऐकलं नाही.’ त्यांच्या स्वतःच्या नावाच्या चिठ्ठ्या सगळ्यांत जास्त होत्या. वर्षभरातच माझीही एक आली. ‘लेलेसाहेब. फोटोसाठी उलटं फिरवलं.’

माझी पुस्तिका छापून आली तेव्हा मी पहिली प्रत मोठ्या अभिमानाने त्यांना नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून सीताफळाच्या यंत्राचं पान काढलं आणि मोठ्याने वाचलं, “सदर यंत्र बहुउद्देशीय असून ग्रामीण उद्योजकतेस चालना देणारे आहे.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “दुसरा उद्देश कोणता?”

“म्हणजे?”

“बहुउद्देशीय लिहिलंय. मला एकच माहीत आहे. सीताफळाचा गर काढणं.”

मी म्हणालो, ती लिहायची एक पद्धत असते. ते म्हणाले, “असेल. पण वाचून कुणी पेरू घेऊन आला तर तुमच्याकडे पाठवतो.”

त्या सीताफळाच्या यंत्राबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळेच घडलं. सीताफळाचा गर हाताने काढणं म्हणजे जिवाला काचणारं काम. प्रत्येक पाकळीत एक काळी, गुळगुळीत बी. ती गराला अशी चिकटून असते की जोर लावला तर फुटते आणि फुटली की सगळा गर कडू होतो. यंत्र आखलं होतं आमच्या डॉ. बर्व्यांनी. जाळीचं आडवं पिंप, त्यात फिरणारी रबरी पाती. पाती गर जाळीतून बाहेर ढकलणार आणि बिया शेवटी एका तोंडातून वेगळ्या पडणार. कागदावर फार सुरेख. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी ते यंत्र बिया अशा कडाकडा फोडत होतं की डॉक्टर कानावर हात ठेवून बाहेर गेले. त्यानंतर दोन हंगाम इनामदार त्याच्यामागे होते. पात्यांचं रबर बदललं, कड घासून गोल केली, वेग उतरवला. आणि एक दिवस तोंडातून बिया बाहेर पडू लागल्या, अख्ख्या.

आता माझ्या दोन पराक्रमांकडे वळतो.

पेटंटचा अर्ज मी भरला. ‘संशोधकांची नावे’ या रकान्यात मी डॉ. बर्व्यांचं नाव लिहिलं, मग संचालकांचं लिहिलं. संचालकांनी यंत्र फक्त उद्घाटनाच्या दिवशी पाहिलं होतं, पण त्यांचं नाव न घालण्याची हिंमत माझ्यात नव्हती. इनामदारांचं नाव घालू नका असं मला कुणी सांगितलं नाही. मलाच ते सुचलं नाही. पदवी नसलेल्या माणसाला संशोधक म्हणता येतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

दुसरा पराक्रम माहितीपत्रकाचा. यंत्र कसं बनवायचं आणि चालवायचं हे लिहायला मी इनामदारांसमोर वही घेऊन बसलो. पाती आणि जाळी यांच्यात अंतर किती ठेवायचं, असं विचारलं तर ते म्हणाले, “त्या दिवशीच्या फळातली सगळ्यात जाड बी घ्यायची. ती पात्याखालून सरकली पाहिजे. अडकता कामा नये, आणि मोकळी पडताही कामा नये.”

“पण मिलिमीटरमध्ये?”

“आपल्या बागेतल्या फळाला सहा बसतात. दुसऱ्या गावचं फळ, दुसरी बी.”

मी वहीत सगळं लिहून घेतलं. नंतर टाइप करायला बसलो तेव्हा ‘त्या दिवशीची सगळ्यात जाड बी’ हे वाक्य मला फारच गावठी वाटलं. इतक्या मोठ्या संस्थेच्या पत्रकात बी कशी लिहायची? मी ते वाक्य काढलं आणि लिहिलं, ‘अंतर : ६ मि.मी.’ त्या सहाच्या टाइपकडे मी कौतुकाने बघितल्याचंही मला आठवतं.

याच सुमाराला आम्ही कर्वेनगरमध्ये नवा फ्लॅट घेतला आणि सत्यनारायण घातला. ऑफिसातल्या सगळ्यांना बोलावलं, त्यात इनामदारही आले. आईला आडनाव ऐकून एकदम बरं वाटलं. तिने त्यांना गुरुजींच्या शेजारी बसवलं आणि विचारलं, “इनामदार म्हणजे कुठले तुम्ही?”

“घोरपडे पेठेतले.”

“नाही हो, मूळचे?”

“मूळचेही घोरपडे पेठेतलेच. पाच पिढ्या.”

आई म्हणाली, “आमच्या माहेरी इनामदार होते, वाईचे. त्यांच्यातले का?”

“वाईला आमचं कुणी नाही. एकदा सहल गेली होती.”

आईला त्यांचं बोलणं फार आवडलं. माणूस आपल्यातलाच आहे याची तिला खात्रीच पटली. इनामदारांनी दोन्ही हातांनी प्रसाद घेतला, शिरा चांगला झाल्याचं सांगितलं, आणि मग उठून आमचं पुढचं दार तीनदा उघडलं-लावलं. ते दार बिल्डरने दिल्यापासून खाली घासत होतं. त्यांनी खिशातून छोटा पाना काढला, बिजागरीशी काहीतरी केलं आणि दार बोटाने ढकललं तर लागलं.

जाताना आई म्हणाली, “पुढच्या वेळी घरच्यांना घेऊन या. नाव काय म्हणालात तुमचं?”

“रहीम,” ते म्हणाले आणि चपला घालून गेले.

आई माझ्याकडे बघत राहिली. “तुला माहीत नव्हतं?” मला माहीत नव्हतं. दीड वर्ष त्या माणसाशी मी रोज बोलत होतो, आणि त्याचं नाव मला विचारावंसं वाटलं नव्हतं. मी काहीतरी पुटपुटलो, की आता गुरुजींना काय वाटेल वगैरे. आई फटकन म्हणाली, “गुरुजींना काय वाटायचंय? ते दार लागतंय का बघ आता.”

मग आलं शेतकी प्रदर्शन. आमच्या स्टॉलवर मी पोस्टर लावली, टाय लावला आणि पुस्तिकांचे गठ्ठे मांडून उभा राहिलो. लोक पुस्तिका घेत होते खरे. ऊन कडक होतं, आणि आकाराने ती डोक्यावर धरायला बरी होती. दुपारपर्यंत माझा उगवता सूर्य मैदानभर लोकांच्या डोक्यावर फिरत होता. इनामदारांनी दोन पाट्या सीताफळं आणवली, यंत्र सुरू केलं आणि द्रोणातून गर वाटायला लागले. पाच मिनिटांत गर्दी झाली.

त्या गर्दीतून एक बाई पुढे आल्या. पन्नाशीच्या, नऊवारीतल्या. या धायरीच्या सुनंदाबाई. शेती होती ती सोसायट्यांत गेलेली, उरलेल्या तुकड्यावर धाकट्या दिराचं ग्रिल-गेटचं वर्कशॉप. त्यांनी मला विचारलं, “ह्ये बी फोडतं का?”

मी सुरुवात केली, “सदर यंत्रामध्ये—”

इनामदारांनी मूठभर बिया त्यांच्या हातात दिल्या. “शोधा फुटलेली.”

बाई खरोखर खुर्ची ओढून बसल्या आणि एकेक बी बघत राहिल्या. मूठ संपल्यावर उठून म्हणाल्या, “आमाला पायजे. कोन देनार?”

इनामदारांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी परवान्याची पद्धत समजावून सांगू लागलो. त्या म्हणाल्या, “लायसन कशाला? मी काय ते रस्त्यावर चालवनार हाय?” पण समजल्यावर त्यांनी फार भराभर निर्णय घेतला. परवाना घ्यायचा, दिराने पत्रक बघून यंत्रं बनवायची, पहिल्या यंत्रावर आपण स्वतः गर काढून आइस्क्रीमवाल्यांना द्यायचा, आणि चाललं की पुढची यंत्रं पुरंदरकडच्या बागायतदारांना विकायची. माझ्या आयुष्यातला तो पहिला परवाना. मी घरी पेढे नेले.

हंगाम सुरू झाला आणि तिसऱ्या आठवड्यात सुनंदाबाई माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. हातात स्टीलचा डबा. झाकण काढून चमचा माझ्या हातात दिला.

“खा साहेब.”

मी एक चमचा खाल्ला. आधी गोड लागलं आणि मग घशाशी कडवट चव चढत गेली.

“अजून खा.”

मी अजून खाल्ला. त्यांचा आवाज वाढला नाही, पण शेजारच्या टेबलावरचे कारकून उठून बाहेर गेले. “पैल्या दिसापासनं आसंच. आइस्क्रीमवाला म्हनला परत आनू नका. दीर म्हनतो कागदावर हाय तसंच बनीवलंय, येक सूत हिकडं न्हाई का तिकडं न्हाई. भावबंद हसत्यात. जमीन गेली, आता आक्कलबी गेली म्हनत्यात. हंगाम हाय म्हैनाभर. सांगा, काय करू?”

मी म्हणालो की उत्पादनात काही त्रुटी राहिली असेल, समिती नेमावी लागेल. त्या म्हणाल्या, “त्या दिसाचा मानूस कुटं हाय? मिशावाला?”

मी इनामदारांना स्कूटरवर मागे बसवून धायरीला गेलो. सिंहगड रस्त्यावर त्यांनी एकदाच तोंड उघडलं. “ब्रेक लावताना आधी ठरवत जा.”

शेडमध्ये यंत्र चालू केलं. इनामदारांनी हात लावला नाही. नुसते उभे राहिले. कडक, कडक, बारीक आवाज येत होता. त्यांनी बंद करायला सांगितलं, पाटीतलं एक फळ फोडलं, खाल्लं, बी तळहातावर घेतली. पुरंदरच्या डोंगराकडची फळं ती. बी आमच्या बागेतल्यापेक्षा चांगलीच जाड होती.

मग ते दिराला म्हणाले, “कागद दाखवा.”

माहितीपत्रक त्यांच्या हातात आलं. एका भिंतीला खिडकी होती, तिथे जाऊन त्यांनी ते पहिल्या ओळीपासून वाचलं. मला कळत होतं ते कुठल्या ओळीवर आले आहेत. तिथे ते थांबले. परत वरून वाचलं. पान उलटून मागे बघितलं, की तिथे तरी आहे का.

“हे तुम्ही लिहिलंत?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“टायपिंग चांगलं आहे.”

एवढंच. त्यांनी हे माझ्याकडे बघून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ते कागदाकडे बघून म्हणाले.

आजवर मी पुष्कळ चुका झाकल्या आहेत, आणि ही झाकणं सगळ्यांत सोपं होतं. दिराची वेल्डिंग, फळाची जात, काहीही सांगता आलं असतं. इनामदार बोलले नसते, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण त्या डब्यातली कडू चव अजून घशात होती. मी सुनंदाबाईंना सांगितलं, “यांनी मला बी लावून अंतर ठरवायचं सांगितलं होतं. ते वाक्य मी काढून टाकलं.”

“का?”

“बरं दिसत नव्हतं.”

दिराने पाना खाली ठेवला. बाई म्हणाल्या, “साहेब, बरं दिसायसाटी माजी येवडी फळं नासली. आता खाली बसा आन् लिवा.”

मी फळांच्या पाटीवर बसलो. इनामदार सांगत गेले आणि मी बॉलपेनने, जसं बोलले तसं लिहीत गेलो. ‘सकाळी काम सुरू करण्याआधी पाच फळं फोडा. सगळ्यात जाड बी घ्या. पात्याखालून सरकवून बघा.’ तिकडे दिराने पाती सैल केली. बाईंनी स्वतः बी निवडली, स्वतः सरकवून बघितली. यंत्र सुरू झालं. आता रबर जाळीवरून फिरल्याचा ओला आवाज तेवढा येत होता. गर पातेल्यात पडला, बाईंनी बोट बुडवून चाखला आणि मग बोट न पुसता तसंच माझ्यासमोर धरल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, “अंहं, तुमी नगा. तुमी चमच्यानं खा.”

त्यांचा उरलेला हंगाम निभावला. आइस्क्रीमवाल्याला परत वळवायला त्यांना चार खेपा घालाव्या लागल्या, आणि त्या चारही खेपांना त्यांनी मला बरोबर नेलं. “माजी चूक न्हवती ह्ये तुमी सांगा,” म्हणून. मी चारही वेळा सांगितलं. पुढे त्यांच्या दिराने बरीच यंत्रं बनवून विकली, आणि प्रत्येकाबरोबर माझ्या हस्ताक्षरातल्या त्या कागदाची झेरॉक्स दिली. माझ्या साऱ्या लेखनापैकी लोकांनी वाचलेलं तेवढंच.

वर्कशॉपच्या फळीवर दुसऱ्या दिवशी एक फुटलेली बी आली. चिठ्ठीवर माझं नाव होतं. कारणाची जागा कोरी होती. मी विचारलं, तर म्हणाले, “तुम्ही भरा. तुम्हाला लिहायची सवय आहे.”

मी लिहिलं, ‘शहाणपणा.’ त्यांनी वाचून मान हलवली आणि बी जागेवर ठेवली.

त्यानंतर पेटंटच्या अर्जात त्यांचं नाव घालायचं मी ठरवलं. मनात मी एक छोटंसं नाटक रचलं होतं. मी मोठ्या मनाने विचारणार, आणि ते म्हणणार, नावाचं काय, काम महत्त्वाचं. मग मी आग्रह करणार. प्रत्यक्षात मी विचारलं, “इनामदार, तुमचं नाव घालायचं म्हणतोय. चालेल ना?”

ते म्हणाले, “चालेल म्हणजे? हवंच आहे.” हातातलं काम थांबवून त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघितलं. “दोन वर्षं वाट बघतोय तुम्ही कधी विचारता. माझी मुलगी इंजिनियरिंगला आहे. तिच्या सरांनी विचारलं, वडील काय करतात. ती म्हणाली, शोध लावतात. सर हसले.”

मी म्हणालो, “तुम्ही आधी का नाही सांगितलंत?”

“सांगून घातलेलं नाव आणि विचारून घातलेलं नाव, यात फरक आहे लेलेसाहेब.”

संचालकांनी टिपण तीनदा परत पाठवलं. चौथ्या वेळी मी त्यांच्या केबिनमध्ये उभा राहून म्हणालो, की या तिघांपैकी ज्यांना पात्याचं अंतर सांगता येईल त्यांचीच नावं ठेवू या. संचालकांनी सही केली. दुरुस्तीचा अर्ज मी घाईघाईने स्वतः टाइप करून पाठवला, संचालकांचं मन बदलायच्या आत. काही महिन्यांनी दुरुस्त कागद आला. मी धावत वर्कशॉपमध्ये नेला. इनामदारांनी हात धुतले, पुसले, चष्मा लावला, वाचलं, आणि कागद माझ्याकडे वळवला.

नाव होतं : रहीम इमानदार.

चूक माझीच होती. इंग्रजी टायपिंगमध्ये एन आणि एम यांची अदलाबदल झाली होती, आणि पुढच्या साऱ्या टेबलांनी इमाने इतबारे ते तसंच उतरवलं होतं. मी तोंड लपवायला जागा शोधत होतो. इनामदारांच्या मिशा थरथरल्या. मला वाटलं, संपलं. पण ते हसत होते. दीड मिनिट आवाज न करता हसत राहिले आणि मग म्हणाले, “असू दे. सरकारी कागदावर हे कुणाला लिहून मिळतं?”

मग गंभीर होऊन म्हणाले, “पण दुरुस्त करा. मुलीचं आडनाव वेगळं पडायला नको.”

बरोबर नावाचा कागद आला तेव्हा ते निवृत्त झाले होते. मी घोरपडे पेठेत नेऊन दिला. त्यांच्या मुलीने तो दारातच उभं राहून वाचला, अक्षर अक्षर तपासल्यासारखा, आणि मला आत बोलावून बसवलं. तिला माझा इतिहास माहीत होता हे उघड होतं.

त्यानंतर आमची भेट अशी झाली नाही. ते गेल्याचं मला दीड महिना उशिराने कळलं, आणि तेही सुनंदाबाईंकडून.

त्याआधी एकदाच ते दिसले. मी कोथरूडला जाणाऱ्या बसमध्ये खिडकीशी होतो. कर्वे रस्त्यावर बस खोळंबली होती. समोरच्या रसवंतीत काउंटरच्या आत इनामदार उभे होते, आणि दुकानाचा मालक काउंटरच्या बाहेर गिऱ्हाइकासारखा. इनामदार चरकाचा रूळ वाकून बघत होते. पूर्ण बाह्यांचा शर्ट, अंग आणखी वाळलेलं. मी खिडकीतून हाक मारली, “इनामदार!” त्याच क्षणी त्यांनी उजवा हात उंच केला. मला इतका आनंद झाला की मी अर्धा खिडकीबाहेर येऊन जोरजोरात हात हलवला. शेजारच्या बाईंनी पिशवी सावरली.

तेव्हा चरक थांबला. हात मालकाला होता, बाहेरच्या भिंतीवरचं बटण बंद करण्यासाठी. इनामदारांनी रुळात बोट घातलं, उसाचं एक चिपाड ओढून काढलं, उजेडात धरून बघितलं, आणि मालकाला काहीतरी सांगू लागले. बस हलली. माझा हात अजून वरच होता.